अष्टमीला बंद असणारा जिना

कंबोडियातल्या अंगकोर वाट या देवळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्यापाशी आम्ही सकाळी पावणेआठला पोचलो, तेव्हा समोर दोरी बांधलेली होती. शेजारी पाटी होती: आज बौद्ध धर्मीयांचा पवित्र दिवस, बाकान बंद. बाकान म्हणजे तो वरचा मजला. तीन महिने मी या प्रवासाची तयारी करत होते. विमानं, व्हिसा, हॉटेल, आईच्या गुडघ्यांचे पट्टे, तिच्या गोळ्या, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. हे मात्र सुटलं आणि मला फार वाईट वाटलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पाटीवर काय आहे ते तिला सांगितलं. ती बोटांच्या पेरांवर मोजत म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. आज अष्टमी की गं."

कंबोडियात शुद्ध आणि वद्य अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या हे दिवस पाळतात. त्याला तिकडं 'थ्ङाय सेल' म्हणतात, म्हणजे शीलाचा दिवस. त्या दिवशी पर्यटकांना बाकानवर सोडत नाहीत. बाकी सगळं देऊळ उघडं असतं. म्हणून जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: तारखा ठरवताना घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बघा. त्यांचा हिशोब थोडा वेगळा असल्यामुळं एखादा दिवस पुढंमागं होऊ शकतो, पण अंदाज नक्की येतो.

आई 71 वर्षांची. वाईला असते. घाटावरच्या कीर्तनात एकदा बुवांनी सांगितलं होतं की समुद्रापलीकडं कंबोज देशात विष्णूचं एवढं मोठं देऊळ आहे की त्याच्या भोवतीचा खंदकच 190 मीटर रुंद आहे. तेव्हापासून तिच्या मनात होतं. बाबा गेल्यावर दोन वर्षं तिनं तो विषय काढला नाही. गेल्या दिवाळीत आपणहून म्हणाली, "गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ." डिसेंबर निवडला, कारण तेव्हा पाऊस नसतो आणि त्यातल्या त्यात ऊन सोसतं.

व्हिसा घरबसल्या निघतो. उतरण्याआधीच्या आठवड्यात ई-अरायव्हल नावाचा अर्ज मोबाइलवर भरायचा असतो, तोही सोपा आहे. सिएम रीप हे देवळांजवळचं गाव. तिथलं जुनं विमानतळ गावाला लागून होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये नवं सुरू झालं, ते पूर्वेला साधारण 45 किलोमीटरवर. गाडीनं तास धरावा. आम्ही हॉटेलला सांगून गाडी मागवली होती आणि रात्रीच्या वेळी आईबरोबर तेच बरं वाटलं. पैशांचं म्हणाल तर डॉलर सर्रास चालतात आणि सुटे पैसे रिएलमध्ये परत मिळतात, एका डॉलरला साधारण 4,000. पण डॉलरची नोट कोरी हवी. कडेला जराशी फाटलेली माझी एक नोट पहिल्याच दिवशी उसाच्या रसवाल्या बाईंनी नम्रपणे परत दिली. पुढं पाच दिवस ती माझ्या पाकिटातच राहिली.

आता पासाविषयी, कारण सगळी आखणी त्याच्यावर ठरते. देवळांच्या दारात तिकीट मिळत नाही. गावाबाहेर वेगळी तिकीटखिडकी आहे, तिथं जावं लागतं किंवा पास ऑनलाइन घ्यावा लागतो. एका दिवसाचे 37 डॉलर, तीन दिवसांचे 62, सात दिवसांचे 72. खिडकीवरच फोटो काढतात आणि तो पासावर छापून देतात. बहुतेक लोक एका दिवसाचा पास घेतात आणि पहाटे साडेचारपासून संध्याकाळपर्यंत पळतात. माझं मत स्पष्ट आहे: वयस्कर माणूस बरोबर असेल तर तीन दिवसांचाच घ्यावा. त्यातली खरी सोय अशी की ते तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. आम्ही एक दिवस देवळं, एक दिवस विश्रांती असं केलं. संध्याकाळी पाचनंतर पास घेतला तर दिवस दुसऱ्या सकाळपासून मोजतात, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी जाऊन घेतला. पहाटेची रांग वाचली.

टुकटुक म्हणजे मोटारसायकलला जोडलेली छपराची गाडी. समोरासमोर दोन बाकडी, चहूकडून वारा. आईला ती चढायला जीपपेक्षा सोपी गेली. आम्ही पाची दिवस एकच चालक ठेवला. जवळच्या फेरीचे 20 डॉलर आणि बांतेय स्रेई या लांबच्या देवळाच्या दिवसाचे 30 असं आधीच बोलून घेतलं. तिकडं मोठ्या भावाला आणि मोठ्या बहिणीलाही 'बाँग' म्हणतात आणि अनोळखी माणसाला हाक मारायलाही तोच शब्द. आई त्याला पहिल्या तासापासून 'दादा' म्हणत होती. अर्थ सांगितल्यावर ती 'बाँगदादा' म्हणायला लागली, आणि तोही तिला ओ द्यायला लागला.

तर त्या अष्टमीला सूर्योदय आम्ही पाहिला. तळ्याकाठी शेकडो माणसं हात उंच करून उभी होती. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. महत्त्वाचं पुढं घडलं. सूर्य वर आला की बहुतेक जण नाश्त्याला परत जातात. आमचा जिना बंद होता, म्हणून आम्ही उतरून बाहेरच्या ओवऱ्यांमध्ये आलो. ओवरी हाच शब्द तिला लागू पडतो: एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला लांबच लांब भिंत, आणि त्या भिंतीवर पार छतापर्यंत उठावशिल्पं. तिथं आमच्याशिवाय सातआठ माणसं असतील.

पश्चिमेच्या ओवरीत दक्षिणेकडं वळलं की कुरुक्षेत्र लागतं. मी पुस्तक उघडून कुठं काय आहे ते शोधत होते. आईनं पुस्तक मागितलंच नाही. डावीकडून एक सैन्य येतंय, उजवीकडून दुसरं, मध्ये हातघाई. ती भिंतीच्या कडेनं हळूहळू चालत गेली आणि एके ठिकाणी थांबली. "हे बघ. शरपंजरी पडलेत." बाणांच्या शय्येवर भीष्म होते, भोवती उभी असलेली माणसं. मग ती कृष्ण शोधायला लागली. रथ पुष्कळ, सारथी पुष्कळ. शेवटी चार हातांचा सारथी सापडला आणि मागं धनुष्य ओढलेला अर्जुन. शतकानुशतकं हात लागून काही ठिकाणी दगड शाळिग्रामासारखा काळा आणि गुळगुळीत झाला आहे. आता कठडे लावलेत, हात लावू देत नाहीत. आईनं लांबूनच नमस्कार केला.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं हे देऊळ बांधलं. दक्षिणेच्या ओवरीत त्याचीच मिरवणूक आहे, छत्रांखाली बसलेला राजा आणि पुढं हत्ती-घोड्यांवर सरदार. त्यापुढं यमाचा दरबार. स्वर्ग 37, नरक 32. निवाडा करणाऱ्यांत चित्रगुप्त आहे हे ऐकल्यावर आई तिथून हलेना. खालच्या पट्टीत लोकांना ओढत नेतात, टोचतात, जाळतात. लहानपणी आजीनं सांगितलेल्या सगळ्या शिक्षा तिनं मला एकेक करून दाखवल्या.

तिथून पूर्वेच्या ओवरीकडं वळताना ती म्हणाली, "अगं, आपण उलटं चाललोय. देऊळ डाव्या हाताला आहे." मी थबकले. खरंच होतं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा. पण शिल्पांचा क्रम असाच जातो, पश्चिमेकडून दक्षिणेला आणि मग पूर्वेला. "हे अपसव्य झालं. असं फक्त गेलेल्या माणसासाठी फिरतात." मी नंतर हॉटेलात बसून पुस्तकात ते पान काढलं. देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि शिल्पं अपसव्य वाचली जातात, म्हणून हे राजाचं स्मारकमंदिर असावं, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. मृत्यूनंतर सूर्यवर्म्याला परमविष्णुलोक हे नाव मिळालं होतं. मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तेच तर म्हटलं मी."

समुद्रमंथनाची भिंत 49 मीटर लांब आहे. डावीकडं 92 असुर, उजवीकडं 88 देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म, आणि सगळ्यांच्या हातांतून जाणारा वासुकी. पाण्यात मासे आणि मगरी, मध्याजवळ आलेल्यांचे तुकडे झालेले. वर अप्सरांची रांग. देवांच्या शेवटी सापाची शेपटी धरून एक माकड उभं आहे आणि तिकडचे गाईड त्याला हनुमान सांगतात. आईला हे पटलं नाही. मंथन आधीचं, हनुमान त्रेतायुगातला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "असेल. चिरंजीवच आहे तो." त्या एका भिंतीपुढं आम्ही पाऊण तास बसलो. तीन तासांत अर्धंच देऊळ पाहून झालं. जिना उघडा असता तर आम्ही वर चढून, फोटो काढून, दहापर्यंत दुसऱ्या देवळाला निघून गेलो असतो. लंकेचं युद्ध उत्तरेकडच्या भागात होतं, ते पुढच्या खेपेसाठी ठेवलं.

अकरानंतर ऊन टोचायला लागतं. तिथून पुढं चारपर्यंत देवळात राहू नये, हे मी अनुभवावरून सांगते. सावली कमी आणि दगड तापलेला. आम्ही दर वेळी गावात परतलो, जेवलो, झोपलो. शाकाहारी जेवणाची मला धास्ती होती, कारण साध्या भाजीतही माशाचा रस घालतात, त्याला 'टुक ट्रेय' म्हणतात. 'ऑत डाक टुक ट्रेय', माशाचा रस घालू नका, एवढं वाक्य मी कागदावर ख्मेर लिपीत लिहून घेतलं होतं आणि ते दाखवलं की काम होई. वाफाळता भात, लसूण घालून परतलेली पाण्यातली हिरवी भाजी, काम्पोतची मिरी, वर लिंबू. आईला ती भाजी एवढी आवडली की पाचही दिवस तीच खाल्ली. भारतीय जेवणाच्या खानावळीही गावात आहेत. एकदा वरणभाताची आठवण आली तेव्हा गेलो. त्या देशात जाऊन रोज तिथं जेवावं असं मात्र मला वाटत नाही.

संध्याकाळी राजाच्या निवासासमोरच्या बागेत जावं. आम्ही चुकूनच गेलो आणि नंतर रोज गेलो. मोठमोठी झाडं, आणि त्यांच्यावर शेकड्यांनी लटकलेली मोठी वटवाघळं. दिवेलागणीला त्यांचा कलकलाट सुरू होतो. बागेच्या टोकाला आंग चेक आणि आंग चोर्म यांचं छोटं देऊळ आहे, दोन उभ्या बुद्धमूर्ती. गावातले लोक नवस बोलायला, नवं लग्न झालं की पाया पडायला येतात. बाजूला वादक बसलेले असतात. बाहेर कमळाच्या कळ्या विकतात, पण तशीच कळी वाहत नाहीत. बाहेरच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडायच्या, मग तिचं फूल होतं. विकणाऱ्या बाईंनी आईचा हात धरून शिकवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तिसऱ्या कळीला आईला जमलं. त्या बाईंनी चौथी फुकट दिली.

मधल्या मोकळ्या दिवशी जुन्या बाजारात फिरलो आणि रात्री 'फार' नावाची सर्कस पाहिली. बात्तांबांग गावी 1994 साली एक कलाशाळा सुरू झाली, निर्वासित छावणीतून परतलेल्या तरुणांनी काढलेली. तिथं शिकलेली मुलं 2013 पासून सिएम रीपच्या तंबूत खेळ करतात. प्राणी नाहीत. उड्या, तोल, नाच, आणि मध्येच युद्धाच्या दिवसांची गोष्ट. खमेर रूज या क्रूर राजवटीच्या जवळजवळ चार वर्षांबद्दल आईला मी आधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं बाँगदादाचं वय विचारलं आणि मनातल्या मनात हिशोब केला.

दुसऱ्या पासाच्या दिवशी बांतेय स्रेई. टुकटुकनं तासाहून जास्त लागतं, म्हणून पहाटेच निघालो. वाटेत प्रेआह डाक गावात रस्त्याच्या कडेला मोठ्या कढया चुलीवर चढलेल्या होत्या. ताडाचा रस आटवून गूळ करत होते. तिकडं ताडाला 'थ्नोत' म्हणतात आणि तो कंबोडियाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. ताडाच्याच पानाच्या नळकांड्यात छोट्या चकत्या भरून विकतात. आईनं एक तोंडात टाकली आणि थेट कढईपाशी गेली. वाईजवळची गुऱ्हाळं तिनं आयुष्यभर पाहिलीत. पाक कुठवर आलाय हे तिनं उलथन्यावरून ओळखलं आणि कढई उतरवायची खूण केली. चुलीवरच्या बाईंनी मान हलवली, खूण केली: अजून थोडं. ताडाच्या रसाचा पाक उसापेक्षा वेगळा असणार. आम्ही थांबून तो उतरेपर्यंत बघितला.

बांतेय स्रेई लहान आहे, गुलाबी दगडाचं, आणि लाकडावर करावी तशी त्यावर कोरणी आहे. नावातल्या 'स्रेई'चा अर्थ स्त्री. इसवी सन 967 मध्ये यज्ञवराह नावाच्या राजगुरूच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. तिथं खांडववनाचं दहन आहे, वर ऐरावतावर इंद्र आणि पावसाच्या तिरक्या रेघा. आणि तिथं रावण कैलास हलवतो आहे. शाळेत असताना आईबाबांबरोबर मी वेरूळला गेले होते आणि सोळाव्या लेण्यात खाली दबलेला रावण, वर निश्चिंत बसलेले शंकर-पार्वती पाहिले होते. ते शिल्प आठव्या शतकातलं. इथं कैलास पायऱ्यापायऱ्यांचा आहे, त्यावर ऋषी बसलेत, प्राणी घाबरून पळताहेत आणि पार्वती शंकराला बिलगली आहे. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तुझे बाबा वेरूळला इथंच बसून राहिले होते. रावणाचे हात मोजत." दोन वर्षांत तिनं बाबांची आठवण अशी सहज काढलेली मी पहिल्यांदा ऐकली. आम्हीही हात मोजायला बसलो.

परतताना ता प्रोम हे देऊळ. भिंतींवर बसलेली प्रचंड झाडं आणि दगडांत शिरलेली मुळं, सगळ्यांना माहीत असलेलं. आमच्याकडच्या वाचकांना दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथं अनेक वर्षं डागडुजीचं काम केलं आहे, तशा पाट्या दिसतात. त्याआधी 1986 ते 1993 या फार अवघड काळात अंगकोर वाटचंही काम आपल्याच लोकांनी केलं. आणि दुसरी: सातव्या जयवर्म्यानं 1186 मध्ये हे देऊळ आपल्या आईसाठी उभारलं, तिच्या रूपात प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीची मूर्ती बसवून. हे ऐकून आई नुसती हसली आणि मला पाण्याची बाटली मागितली. ती खूप थकली होती.

शेवटच्या पासाच्या दिवशी तिथी बघून पुन्हा त्याच जिन्यापाशी गेलो. जिना उघडा होता. मूळच्या दगडी पायऱ्या फार उभ्या आहेत, त्यावर लाकडी पायऱ्या आणि कठडा बसवलाय. एका वेळी 100 माणसं सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडीला अर्थातच अडचण नाही. आईनं मान वर करून बघितलं.

"वर कोण आहे?"

"आता बुद्ध आहेत. पूर्वी विष्णू होते."

"आणि ते कुठं गेले?"

"पश्चिमेच्या दारात आठ हातांची मूर्ती आहे ना, विष्णूचीच आहे ती."

"मग मी तिकडं जाते. तू वर जाऊन ये."

मी एकटी चढले. मधला गाभारा पूर्वी चारी बाजूंनी उघडा होता, पुढं देऊळ बौद्धांचं झालं तेव्हा दारं बुजवली आणि तिथं बुद्धमूर्ती घडवल्या. वरून पश्चिमेचा लांब दगडी रस्ता दिसतो आणि पलीकडं खंदक. गार वारा होता. दहापंधरा मिनिटांत उतरले आणि त्याच रस्त्यानं चालत दारापर्यंत आले. ती मूर्ती माणसाच्या दुप्पट उंचीची आहे, तिला 'ता रीच' म्हणतात आणि गावकरी अजून मनापासून पूजतात. भगवं वस्त्र नेसवलेलं, समोर उदबत्त्या. आई सतरंजीवर मांडी घालून बसली होती, गुडघे विसरून. ओठ हलत होते, म्हणजे सहस्रनाम चाललं होतं. शेजारी तिच्याच वयाच्या, बारीक केस कापलेल्या एक आजी हात जोडून आपलं काही पुटपुटत होत्या. समोर पाकळ्या दुमडलेल्या दोन कळ्या होत्या, एकसारख्या. मी खांबाला टेकून उभी राहिले. सहस्रनाम पुरं व्हायला वेळ लागतो हे मला माहीत होतं.

ऊन उतरल्यावर बायोनला, दगडी चेहऱ्यांच्या मनोऱ्यांच्या देवळात, जाऊन आलो. उंच चेहऱ्यांपेक्षा आईला खालच्या भिंतीवरचा बाजार आवडला: तराजू घेतलेल्या बायका, भाताचं भांडं, कोंबड्यांची झुंज, बाळंत होणारी बाई.

विमानतळावर सोडायला बाँगदादानं भावाची गाडी आणली. गाडीत ख्मेर दिनदर्शिका लटकत होती. मी महिन्याचं नाव विचारलं. "थ्नू," तो म्हणाला. मागून आई म्हणाली, "धनू?" मी त्याला सगळे महिने म्हणायला सांगितले. मकरा, कुंफेआक, मीना, मेसा, असं तो म्हणत गेला आणि आई मागोमाग मकर, कुंभ, मीन, मेष. मिथोनाला मिथुन, कन्याला कन्या. सेहाला ती अडली, मग "सिंह!" म्हणाली. त्यानं गाडी हळू केली, आरशातून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी आधी तिनं म्हणायचं आणि मागून त्यानं.